व्हाउचर दाखवा!

माझं गाव येडगाव. हे वाक्य मी आजवर काही हजार वेळा तरी उच्चारलं असेल. प्रत्येक वेळी ऐकणारा आधी माझ्याकडे नीट निरखून पाहतो आणि मग "हं, तरीच!" असा चेहरा करतो. बँकेत लागलो त्या दिवशी साहेबांनी अर्जावरचं गावाचं नाव वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि विचारलं, "हे नाव खरंच असं आहे?" मी म्हटलं, "साहेब, ते गावाचं नाव आहे. माझं त्याच्या वरच्या ओळीत आहे."

गावाला हे नाव कशावरून पडलं, हे ऐकायचं असेल तर संध्याकाळी सहानंतर आमच्या कट्ट्यावर या. एका कटिंग चहात पाच व्युत्पत्त्या मिळतात. निवृत्त गुरुजी नावाचं मूळ थेट यादवांपर्यंत नेऊन भिडवतात. यष्टीतले माजी कंडक्टर ते एका देवीपाशी आणून उतरवतात. टोमॅटोवाले बागायतदार म्हणतात, की ज्या माणसानं पहिल्यांदा या भागात टोमॅटो लावले असतील त्याच्याकडे पाहूनच हे नाव ठेवलं असणार. आणि चहावाला प्रत्येकाला "तुमचंच बरोबर" म्हणतो, कारण प्रत्येकाकडे त्याची उधारी आहे.

कट्टा म्हणजे फार काही नव्हे. दोन बाकडी, एक चिंचेचं झाड आणि कालव्याच्या कामातून उरलेला एक सिमेंटचा पाइप. या पाइपावर बसून आम्ही सातवाहनांपासून परवाच्या ग्रामसभेपर्यंत सगळ्यांचे हिशेब केलेले आहेत. या कट्ट्यावर माझा मनापासून जीव आहे. दिवसभर काउंटरवर "पासबुक भरून मिळेल का हो?" ऐकून विटलेल्या माणसाला संध्याकाळी "शिवनेरीची भिंत कुणी बांधली हो?" असं ऐकायला मिळणं, म्हणजे उन्हातून आलेल्याला माठातलं पाणी मिळण्यासारखं आहे. पण आज मला या कट्ट्याशी भांडायचं आहे, आणि तोंडानं भांडून कट्ट्यावर कुणी जिंकत नाही म्हणून लिहून भांडायचं आहे.

भांडणाचं कारण एक शब्द आहे. तो शब्द म्हणजे 'पहिला'.

आमच्या जुन्नर तालुक्यात जे जे काही आहे ते कट्ट्याच्या मते पहिलं तरी आहे, सर्वांत जुनं तरी आहे, नाहीतर सर्वांत मोठं तरी आहे. दुसऱ्या क्रमांकाची वस्तू आमच्याकडे ठेवतच नाहीत. परवा कंडक्टरांनी जाहीर केलं, "जगातला पहिला टोलनाका आपल्या नाणेघाटात! घाटाच्या तोंडाशी तो दगडी रांजण आहे ना, त्यात व्यापारी जकातीची नाणी टाकायचे."

मी सवयीनं म्हटलं, "व्हाउचर?"

झालं! सगळा कट्टा हसला. कंडक्टर म्हणाले, "बँकवाले, तुमच्या शाखेत मागच्या महिन्याचं व्हाउचर सापडत नाही आणि आमच्याकडे दोन हजार वर्षांपूर्वीचं मागताय!"

टाळ्या त्यांना पडल्या, आणि पडायलाच हव्या होत्या. पण गंमत अशी, की व्हाउचर आहे. नाणेघाटातल्या लेण्याच्या भिंतींवर नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला लेख आहे. तो मी जेव्हा मराठीत समजून घेतला, तेव्हा माझ्यासारख्या कॉमर्सवाल्याच्या अंगावर काटाच आला. केलेल्या यज्ञांची यादी, आणि प्रत्येक यज्ञापुढे दिलेली दक्षिणा: गाई इतक्या, हत्ती इतके, घोडे इतके, गावं, कार्षापण नाणी इतकी. ही तर खतावणी! आपल्याकडच्या आकड्यांचे जुन्यातले जुने नमुने मिळतात ते या खतावणीत. भगवानलाल इंद्रजी यांच्यासारख्या पंडितानं ते आकडे लावण्यात बुद्धी खर्च केली. जगातला पहिला टोलनाका म्हणून मिरवण्यापेक्षा दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यात एक बाई आकड्यांसकट हिशेब दगडावर कोरून ठेवत होती, ही गोष्ट किती मोठी आहे! पण ती कट्ट्यावर चालत नाही, कारण तिच्यात 'पहिला' नाही.

रांजण जकातीचा असेलही. कोकणातल्या बंदरांवरचा माल याच घाटानं जुन्नरकडे चढायचा, हे कुणीच नाकारत नाही. पण 'असेलही' आणि 'होताच' यांत तेवढंच अंतर आहे, जेवढं 'चेक टाकलाय' आणि 'चेक वटला' यांत असतं. आणि त्याच लेण्यात सातवाहन घराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आज पाहायला गेलात तर पावलांच्या खुणांपलीकडे फारसं काही नाही. पण वर कोरलेली नावं मात्र आहेत: सिमुक, सातकर्णी, नागनिका. मूर्ती गेल्या, नोंद राहिली. माझं सगळं भांडण खरं म्हणजे या चार शब्दांत आहे; पण चार शब्दांचा लेख कुणी छापत नाही, म्हणून पुढे लिहितो.

कुणी म्हणेल, विद्वान तरी कुठे एकमतानं बोलतात? नाहीच बोलत. कुकडीच्याच काठी बोरी गाव आहे. तिथं मातीत पांढुरक्या राखेचा एक थर सापडला. ही राख आपल्याकडच्या चुलीची नव्हे, समुद्रापलीकडच्या सुमात्रा बेटावरच्या टोबा नावाच्या ज्वालामुखीची. त्या थराच्या संगतीला अश्मयुगातल्या माणसाची दगडी हत्यारं. आता राखेचं वय कळलं की हत्यारांचं वय कळायला वाट होते, म्हणून विद्वान कामाला लागले. १९८९ साली एका गटानं वय काढलं १४ लाख वर्षं. १९९५ साली दुसऱ्या गटानं काढलं ६ लाख ७० हजार. आणखी कुणी म्हणाले, छे, ही राख टोबाच्या शेवटच्या मोठ्या स्फोटाची, म्हणजे सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीची. कॅशमध्ये दहा रुपयांचा फरक आला तर आम्हांला घरी जाऊ देत नाहीत, आणि इथं तेरा लाख वर्षांचा फरक! पण हा फरक मला चालतो. कारण प्रत्येकानं नमुना कुठला घेतला, कोणत्या रीतीनं मोजला, चूक किती असू शकेल, हे लिहून सही केलेली आहे. उद्या कुणालाही तो हिशेब पुन्हा तपासता येईल. भांडण आहे, पण व्हाउचरसकट आहे.

हे सगळं मी कट्ट्यावर समजावून सांगितलं. कंडक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग आपण चौदा लाखच धरू. त्यातल्या त्यात जास्त आहे."

आता तुम्ही म्हणाल, अहो, चार माणसं संध्याकाळी गंमत म्हणून बोलतात, तुम्ही एवढं काय मनावर घेता? थापा मारायला मिळू नयेत तर कट्टा हवा कशाला? मान्य. थापेवर माझा आक्षेप नाही. थाप ही कट्ट्यावरच राहिली तर तिच्यासारखी निरुपद्रवी वस्तू नाही. पण ती राहत नाही. पहिल्या वर्षी ती कट्ट्यावर असते. दुसऱ्या वर्षी कुणाच्या तरी षष्ट्यब्दीच्या स्मरणिकेत येते. तिसऱ्या वर्षी तिचा ऑइल पेंटमधला फलक होतो, आणि चौथ्या वर्षी शाळेतली पोरं तो फलक प्रकल्पाच्या वहीत उतरवून घेतात. पाचव्या वर्षी एखाद्यानं शंका काढली, तर थाप मारणारा गुरगुरतो, "म्हणजे आमच्या गावाचा अपमान करता?" थापेचं असं पंचवार्षिक नियोजन आहे, आणि ते कधी रखडत नाही.

यात तोटा कुणाचा? खऱ्याचा. कॅशवर बसणाऱ्या कुणालाही विचारा. गठ्ठ्यात एक खोटी नोट सापडली की सगळा गठ्ठा उलगडून पाहावा लागतो, आणि उरलेल्या नव्व्याण्णव खऱ्या नोटांकडेही आपण संशयानं बघू लागतो. आमच्या तालुक्याच्या गठ्ठ्यात खऱ्या नोटा काय थोड्या आहेत? आर्वीचं उपग्रह भूकेंद्र घ्या. १९७१ साली सुरू झालेलं हे देशातलं अशा प्रकारचं पहिलं व्यापारी केंद्र. इथं 'पहिला' शब्द हक्कानं वापरता येतो! पण दहा खोट्या 'पहिल्यां'बरोबर हा खरा 'पहिला' सांगितला की बाहेरगावचा पाहुणा गालातल्या गालात हसतो. आम्हीच आमचं खरं नाणं बाजारात चालेनासं करून ठेवलं.

गुरुजींचं मात्र मी वेगळं खातं ठेवलं आहे. गुरुजी थापा मारत नाहीत, सापळे लावतात. कुणी नवा माणूस दिसला की विचारतात, "महाराजांनी शिवनेरी कोणत्या साली जिंकला?" तो बिचारा आठवू लागतो. मग गुरुजी सांगतात, "कधीच नाही! जन्म तिथला, पण किल्ला हाती आला नाही. १६५७ साली शिड्या लावून जुन्नर शहरात शिरले, रोख तीन लाख होन आणि दोनशे घोडे नेले. १६७३ साली किल्ल्यासाठी प्रयत्न झाला, तो फसला. किल्ला आपल्याकडे आला तो शाहूमहाराजांच्या काळात." हे सगळं पक्कं आहे. गुरुजींच्या बोलण्यावर मी डोळे मिटून शिक्का मारतो.

पण या गुरुजींनीच मला एकदा ऐकवलं, "तुमच्या त्या किरकोळ नोंदींनी इतिहास होत नसतो. इतिहास मोठ्या माणसांचा असतो." इथं मात्र मी उखडलो. गुरुजी, शिवजन्माच्या सालावरून महाराष्ट्र किती वर्षं भांडला? १६२७ की १६३०? त्या भांडणात मोठ्यातला मोठा पुरावा कुठून आला? कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातून. जेधे शकावली म्हणजे काय? एकेका ओळीच्या नोंदी. अमुक साली अमुक झालं. ना वर्णन, ना अलंकार. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ साली प्रसिद्ध केली आणि तिच्यात निघालं: शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. म्हणजेच १९ फेब्रुवारी १६३०. एवढ्या मोठ्या माणसाची जन्मतारीख मिळाली ती घरगुती टिपणातून! आज त्या दिवशी सरकारी सुट्टी असते आणि बँकही बंद असते. त्या नोंदी करणाऱ्या कारकुनाचा मी व्यक्तिशः ऋणी आहे. एका कारकुनानं दुसऱ्या कारकुनाला साडेतीनशे वर्षांनंतर रजा मिळवून दिल्याचं हे उदाहरण सोन्याच्या अक्षरांत लिहिण्यासारखं आहे.

मोठ्या माणसांचं जाऊ द्या, एका घोड्याची गोष्ट सांगतो. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी घोडा घेऊन समुद्रमार्गे चौलला उतरला आणि जुन्नरला आला. पावसाळाभर इथं अडकला. जुन्नरच्या असदखानानं त्याचा घोडाच ताब्यात घेतला आणि सांगितलं, "धर्म बदल, घोडा परत देतो, वर हजार मोहरा. नाहीतर घोडा गेला आणि तूच हजार मोहरा दे." चार दिवसांची मुदत. शेवटी खुरासानच्या एका गृहस्थानं रदबदली केली आणि याचा घोडाही वाचला, धर्मही वाचला. साडेपाचशे वर्षांनंतर हे आपल्याला कळलं कसं? कारण त्यानं लिहून ठेवलं. हाच माणूस जुन्नरच्या पारावर बसून नुसता कुरकुरला असता, तर आज घोडाही नाही, खानही नाही. जुन्नरात त्या पावसाळ्यात कितीजणांचे घोडे गेले असतील! त्यांच्या तक्रारी त्यांच्याबरोबरच गेल्या.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या कट्ट्यावर पाइपाच्या टोकाशी एक म्हातारबाबा बसतात. ते चहा घेतात, तंबाखू मळतात आणि ऐकतात. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं: येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. त्यांतलं येडगावचं पाणी बाबांच्या डोळ्यांदेखत चढलं. एकदा टोलनाक्याचा वाद ऐन रंगात असताना बाबा एकाएकी बोलू लागले, "आमची मळई व्हती. वरल्या अंगाला पाणंद. पाणंदीच्या कडंला चिंच, तिच्या खालनं नदीचा उतार. उतार वलांडला की दुसऱ्यांचं थळ." मग एकेका शेताचं नाव, कुणाचं होतं ते, विहीर कुणी खणली, पाणी कोणत्या महिन्यात आटायचं, सगळं तोंडपाठ. आम्ही थोडा वेळ ऐकलं. मग कंडक्टर म्हणाले, "बाबा, ते राहू द्या. तर मी काय सांगत होतो, जगातला पहिला टोलनाका..."

त्या दिवसापासून माझं डोकं फिरलेलं आहे. धरणात आज पाणी किती टीएमसी, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगतं. पाणी सात तालुके भिजवत करमाळ्यापर्यंत जातं, हेही सांगतं. पण त्या पाण्याखाली कुणाची मळई होती, हे सांगणारी माणसं आता एका हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी उरली. सरकारी कागदावर गट नंबर सापडेल, क्षेत्र सापडेल, नुकसानभरपाईचा आकडाही सापडेल. चिंचेखालचा उतार सापडणार नाही. नदीला उतार कुठे होता हे ज्या गावाला सांगता येत नाही, त्यानं सातवाहनांच्या वाटा कोणत्या तोंडानं सांगायच्या?

आणि शेजारच्या तालुक्याची तर याहून तऱ्हा. तालुक्याचं नाव आंबेगाव. तालुक्याची कचेरी घोडेगावात. आणि खुद्द आंबेगाव? ते डिंभे धरणाच्या पाण्याखाली! सगळा तालुका ज्याच्या नावानं ओळखला जातो ते जुनं गावच जागेवर नाही. आमच्या बँकेत केवायसीच्या वेळी पत्त्याचा पुरावा मागतात. आंबेगावानं स्वतःचं खातं उघडायचं ठरवलं तर त्याला परत पाठवावं लागेल.

गुरुजी म्हणतात, बाबांच्या आठवणी हा पुरावा नव्हे, तूच व्हाउचर मागतोस ना? बरोबर, मागतो. पण व्हाउचर आकाशातून पडत नाही, कुणीतरी भरतं. एखाद्या खातेदाराला लिहिता येत नसेल तर आम्ही त्याला हाकलून देत नाही. तो सांगतो, आम्ही फॉर्म भरतो, वाचून दाखवतो, त्याचा अंगठा घेतो, साक्षीदाराची सही घेतो. झालं व्हाउचर! कोणी सांगितलं, कोणत्या तारखेला सांगितलं, स्वतः पाहिलं की वडिलांकडून ऐकलं, एवढं लिहिलं की आठवण पुराव्याच्या रांगेत उभी राहते. मग ती खरी की खोटी हे पुढचे लोक तपासतील. इतिहासाचार्य राजवाडे कागदपत्रांसाठी गावोगाव पायी हिंडले आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड उभे राहिले. आम्हांला हिंडायचंही नाही. पाइपाच्या या टोकावरून त्या टोकाला सरकायचं आहे, तेवढंही होत नाही.

जवळच खोडदला रेडिओ दुर्बीण आहे. तीस अँटेना, एकेकीचा व्यास ४५ मीटर. गोविंद स्वरूप यांच्यासारख्या शास्त्रज्ञानं ती उभी केली. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेली क्षीण कुजबुज ती ऐकते. या भागात रेडिओचा गोंगाट कमी म्हणून तिच्यासाठी ही जागा पसंत पडली. जागा निवडणाऱ्यांनी आमचा कट्टा पाहिला नसावा. पण विचार करा, कोट्यवधी प्रकाशवर्षांवरचा हायड्रोजन काय म्हणतो ते आमच्या पंचक्रोशीत ऐकू येतं, आणि तीन फुटांवर बसलेले बाबा काय म्हणतात ते ऐकू येत नाही!

म्हणून मी शेवटी एक दोनशे पानी फुलस्केप वही आणली. रेघा मारल्या. रकाने पाच: तारीख, सांगणाऱ्याचं नाव, काय सांगितलं, पाहिलं की ऐकलं, सही किंवा अंगठा. वही चहावाल्याच्या उधारीच्या वहीशेजारी ठेवली आहे, म्हणजे हरवण्याची भीती नाही. त्या वहीला तो जिवापलीकडे जपतो. नियम एकच केला आहे. थापा हव्या तेवढ्या मारा, पण वहीत लिहायचं असेल तर चौथा रकाना भरावा लागेल.

चार दिवसांनी वही उघडून पाहिली. बाबांच्या नावावर तीन पानं भरली होती, अक्षर गुरुजींचं होतं, आणि प्रत्येक नोंदीखाली निळा अंगठा होता. पुठ्ठ्यावर मात्र कंडक्टरांनी लाल शाईनं, ठसठशीत अक्षरांत लिहून ठेवलं होतं: 'महाराष्ट्रातली पहिली कट्टा-नोंदवही'.

मी खिशातलं पेन काढलं आणि त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं: व्हाउचर येणे बाकी.